राखणीत आलेली सवत

मला एका कॅमेऱ्याचा मत्सर वाटत आला आहे. माणसाने माणसावर जळावं, वस्तूवर काय जळायचं, असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने आधी अर्धं आयुष्य एक काम करावं आणि मग तेच काम कांद्याएवढ्या पांढऱ्या डबीला दिलेलं आपल्या ओट्यावर बसून बघावं. मग बोलू.

या अंकासाठी तुमच्या कामाचं काही लिहा, असं सांगणं आलं तेव्हा मला हसू आलं. माझ्या कामाला नाव नाही. आमच्या वस्तीत त्याला नुसतं राखण म्हणतात. वस्ती मंगरूळपीरपासून आत, टेकडीच्या पायथ्याला आहे. दिवाळी आटोपली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. कोयते, भांडी, बकऱ्या, लेकरं ट्रकमध्ये चढतात आणि सांगली-कोल्हापूरकडे निघतात. ऊन तापायला लागलं की परततात. मधल्या काळात घरांना कुलपं. त्या कुलपांच्या चाब्या माझ्याकडे असायच्या.

मला कोणी नेमलं नव्हतं. मीही आधी तोडीलाच जायची. एकदा मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना पाय घसरला आणि गुडघा कायमचा गेला. नवरा त्याच्या आधीच गेला होता. मुलगी लग्न होऊन वाशीमला. मी मागे राहिले, आणि मागे राहिलेली म्हणून लोकांनी चाब्या दिल्या. ट्रक निघताना सगळे हात हलवायचे तेव्हा मला त्यांचाही हेवा वाटायचा. मी हात हलवत नसे. चाब्यांचं जुडगं धरून उभी राहायची.

बाहेरच्या माणसाला वाटतं राखण म्हणजे काठी घेऊन बसणं. बसून काही राखलं जात नाही. घर रिकामं आहे हे चोराला कुलपावरून कळत नाही, अंगणावरून कळतं. पाला साचलेला, चुलीसमोरची माती फाटलेली, दोरीवर एक चिंधी नाही, म्हणजे आत कोणी नाही. म्हणून मी सकाळी प्रत्येक अंगण झाडायची, सडा टाकायची. आज या घराच्या दोरीवर माझं ओलं लुगडं, उद्या त्या घराच्या. कुठे सुपात मूठभर तूर वाळत घालायची, कुठे ओट्यावर उष्टी ताटली ठेवायची. उंबऱ्याबाहेर चाळलेली राख पसरायची. राखेवर मांजराचं पाऊल वेगळं, मुंगसाचं वेगळं, माणसाचं तर विचारूच नका. आठवड्यातून एकदा कुलूप उघडून आत वारा घ्यायचा, कणगीला हात लावून बघायचा, वाळवी लागली का बघायचं, उंदराची बिळं बुजवायची. परत आल्यावर लोक धान्य द्यायचे, कोणी लुगडं द्यायचं, कोणी नुसतं हसायचं. नुसतं हसणाऱ्याचं अंगण मी पुढच्या वर्षी जरा उशिरा झाडायची.

प्रत्येक चाबीला त्या घरच्या बाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. चौथीपर्यंत शिकलेय, नावं लिहिता आली असती. पण चिंधी डोळ्यांआधी हाताला कळते.

गिऱ्हाइकं एकेक तऱ्हेची. तुळशीराम म्हणून एक होता. तो जाताना म्हणाला, "काकू, आमच्या आंगनात रोज थोडं भांडत जा."

"कोनासंग?"

"कोनासंगबी. आमी घरी असलो का भांडनच असते. गावातल्या मानसाले वाटलं पायजे का आमी हाओ."

मी म्हटलं हा वेडा आहे. पण कबूल केलं ते केलं. रोज दिवस कलला की तुळशीरामच्या अंगणात उभी राहून मी माझ्या मेलेल्या नवऱ्याशी भांडायची. जिवंतपणी जे बोलायचं राहून गेलं होतं, ते सगळं त्या अंगणात बोलून घेतलं. शिव्या आधी अडखळत यायच्या, नंतर सुरात येऊ लागल्या. एकदा रस्त्याने जाणारा पाहुणा फाटकात थांबून म्हणाला, "जाऊ द्या ना बाई, बिचारा एक शब्द बोलून नाई राह्यला."

चोरीही एकदाच झाली. एका घरातला तांब्याचा हंडा गेला. राखेवर पाऊल होतं, आणि त्या पावलाला करंगळी नव्हती. करंगळी नसलेला माणूस आमच्या भागात एकच, आणि तो त्याच घरचा जावई. मी पोलिसाकडे गेले नाही. त्याच्या दारासमोर जाऊन बसले. बोलले काही नाही. त्याची बायको पाणी घेऊन आली, मी प्यायले नाही. शेजारच्या बाया विचारायला लागल्या, काहून बसल्या? मी म्हटलं, पाय दुखतात. ऊन उतरायच्या आत हंडा माझ्यासमोर आला. त्याचं नाव मी वस्तीत कोणाला सांगितलं नाही, इथेही सांगत नाही. तो अजून मला बघून रस्ता बदलतो.

तर असं माझं चाललं होतं. मग शोभाने कॅमेरा आणला.

शोभा म्हणजे गजाननची बायको, आणि गजानन नात्याने माझा पुतण्या लागतो. त्यांचं घर माझ्या घरासमोर. त्यांची चाबी माझ्याकडची सगळ्यात जुनी. तिला शोभाच्या सासूच्या हिरव्या लुगड्याची चिंधी होती. सासू गेली, चिंधी तशीच राहिली.

निघायच्या आदल्या दिवशी शोभा आली. "काकू, ते चाबी द्या जरा."

मला वाटलं काही सामान ठेवायचं असेल. तिने चाबी घेतली, गाठ सोडली, चिंधी माझ्या हातावर ठेवली आणि चाबी कमरेला खोचली.

"यंदा कॅमेरा बसवला ना आमी. तुमाले कायले तरास."

इतकी वर्षं मला त्रास होतोय हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ती मला हात धरून दाखवायला घेऊन गेली. ओसरीच्या कोपऱ्यात, टिनाखाली ती पांढरी डबी. वर तळहाताएवढी काळी सोलरची पाटी, म्हणजे लाइन गेली तरी त्याचं काही अडत नाही. त्याच्या पोटात सिमकार्ड, म्हणजे नेटची तारही नको. दुकानातला सगळ्यात स्वस्त माल होता, पण शोभा तो असा दाखवत होती जशी नवी नवरी अंगावरचं सोनं दाखवते. मग मोबाइल उघडून तिने मला चित्र दाखवलं. फाटक दिसत होतं, तुळस दिसत होती, पाण्याची टाकी दिसत होती. टाकीच्या बाजूला यांची न्हाणी आहे. तिन्हीकडून टिन, वरून उघडी. कॅमेरा उंच होता, तो टिनावरून आत बघत होता.

मी म्हटलं, "न्हानी दिसून राह्यली व."

"दिसू द्या ना काकू. आपल्याच तं मोबाइलात हाय."

शेजारची रुखमाबाई तिथेच उभी होती. रुखमाबाईचं घर तोडीला जात नाही, मुलाचा ट्रॅक्टर आहे. माझ्याच वयाची बाई, आणि तिच्या तोंडाला झाकण नाही. ती माझं नाव घेऊन म्हणाली, "कौसाबाईले सगळंच दिसते."

दुसऱ्या दिवशी ट्रक निघायच्या आधी रुखमाबाईने लिंबू-मिरची आणली. एक लिंबू, सात मिरच्या, खाली बिब्बा, काळ्या दोऱ्यात ओवलेलं. ते तिने कॅमेऱ्याच्या बरोबर खाली टांगलं. "कोनाची नजर नको लागाले," असं म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. शोभाने मान खाली घातली, पण ते काढलं नाही.

मी नजर लावत नाही. लावता येत असती तर त्या डबीचे तुकडे झाले असते.

ट्रक गेला. दुसऱ्या सकाळी मी सवयीने शोभाच्या अंगणात शिरले आणि खराटा चालवायला लागले. वरून आवाज आला, "काकू, आंगनात कायले आल्या?"

खराटा हातातून पडला. कॅमेरा बोलत होता. आवाज शोभाचा, पण डब्यात बसल्यासारखा.

"झाडाले आली," मी म्हटलं.

"राहू द्या. आमी पाहून राह्यलो ना इथून."

बघितल्याने अंगण झाडलं जातं का, असं विचारायचं होतं. अंगण झाडूनच बाहेर आले. त्यानंतरही रोज झाडत राहिले. प्रेमाने नाही. माझ्या दारासमोर पाला साचलेलं घर मला खपत नाही, आणि त्या डबीला दाखवायचं होतं की तिला हात नाहीत.

आधी दर रविवारी शोभाचा फोन यायचा. घर कसं आहे, मांजर व्याली का, पाऊस झाला का. आता फोन बंद. तिला कॅमेरा सांगत होता. इतर घरच्या बायांचे फोन यायचे, पण मी वाट शोभाच्या फोनची बघायची, आणि समोर त्या डबीचा निळा दिवा लुकलुकताना दिसायचा. कोणी मोबाइलमधून बघायला लागलं की तो दिवा लागतो, एवढं मला बघून बघून कळलं होतं. तो सारखा लागलेला असायचा. मला वाटायचं, तोड सोडून शोभा दिवसभर त्यालाच बघत बसली आहे.

तसं नव्हतं. खरं काय ते शोभानेच मागाहून फोनवर सांगितलं. गजाननने कॅमेऱ्याचा पासवर्ड भाऊकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता. आमच्याकडे असंच आहे. भावाला सांगितलं आणि चुलतभावाला नाही सांगितलं, तर तो पुढच्या लग्नात जेवायला बसत नाही. म्हणून सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी आपापल्या बायकांच्या माहेरी सांगितलं. पासवर्ड काय होता, तर गजाननचाच मोबाइल नंबर. त्या कॅमेऱ्याची चाबी गावभर वाटलेली, फक्त माझ्याकडे नाही.

एका सकाळी मी झाडत असताना वरून आवाज आला. "ओ बुढिया, उधर कोने में रह गया."

तो शोभाचा आवाज नव्हता. गजाननचाही नव्हता. मागे कोणीतरी हसत होतं. मी वर बघितलं. निळा दिवा लागलेला.

"कोन रे तू?"

"तेरा मालिक," म्हणाला आणि पुन्हा हसले.

मी शोभाला फोन लावला. तिकडे उसाची सळसळ, माणसांची ओरड. मी सांगितलं, तुझ्या कॅमेऱ्यात कोणी परका माणूस बोलतोय.

ती म्हणाली, "काकू, भाऊकीतलं कोनी मजाक करत असन. आन् एक बोलू का? तुमाले तो कॅमेरा सोसतच नाई."

मी फोन ठेवला. ती खोटं बोलली असती तर मी भांडले असते. खरं बोलली म्हणून काही बोलता आलं नाही. जळणाऱ्या बाईची साक्ष कोण धरणार?

तो आवाज मग अधूनमधून येत राहिला. माझं काय, माझं वय बघून तो खराट्यावरच बोलणार. पण कारखान्याचा हंगाम संपत आला होता. थोड्या दिवसांत शोभा येणार, तिची वयात आलेली लेक येणार, आणि तोडीची धूळ काढायला दोघी आधी न्हाणीत शिरणार. कॅमेरा वरून बघणार. आणि त्याच्या आत कोण कोण बसलेलं असणार, हे गजाननलाही माहीत नव्हतं.

मी चांगुलपणाने उठले असं कोणी समजू नये. त्या डबीची चूक मला सापडली होती, आणि मला आनंद झाला होता. त्याच आनंदात मी उठले.

शोभाची जेवणाची वेळ बघून फोन लावला. म्हटलं, "फोन ठेऊ नको. बोलूबी नको. फक्त आयक." मोबाइल चालूच ठेवून चोळीत खोचला, खराटा घेतला आणि तिच्या अंगणात गेले. निळा दिवा लागलेला होता. मी कमरेवर हात ठेवून तुळशीरामच्या अंगणातला जुना सूर लावला.

"काय रे मुडद्या, दुसऱ्याच्या घरात डोये फाडून काय पाह्यतं? तुह्या घरी माय नाई, बहीन नाई? का तिनंबी तुले हाकलून देलं? बोल ना आता. रोज तं लय बोलतं. आज जीभ कोनं खाल्ली?"

माझ्या नवऱ्याने कधी उत्तर दिलं नव्हतं. याने दिलं.

"अरे, आज बुढिया गरम है. नाच के दिखा थोडा."

चोळीतून शोभाचा आवाज आला, अगदी बारीक. "काकू. हे कोन?"

"तुहा कॅमेरा."

"हा आपल्यातला आवाज नाई."

"मले सांगून राह्यली का तू?"

चोळीतून नुसती उसाची सळसळ आली. मला वाटलं फोन कटला. मग ती म्हणाली, "काकू, न्हानी."

"हाव."

"काढा त्याले. आत्ता काढा."

मी बाज ओढत आणली, त्यावर चढले. या गुडघ्याने चढू नये, पण चढले. सोलरच्या पाटीची वायर उपटली, पेच फिरवला, डबी हातात आली. तिचा निळा दिवा विझला तेव्हा मला किती बरं वाटलं ते मी इथे लिहीत नाही. रुखमाबाई कुडावरून बघत होती.

"कौसाबाई, कॅमेरा चोरून राह्यली का?"

"हाव. बोंबल तू."

ती बोंबलली. मी बस धरायला जाईपर्यंत अर्ध्या वस्तीला कळलं होतं की कौसाबाईने अखेर जळून कॅमेरा तोडला.

मंगरूळपीरच्या बसमध्ये ती डबी मी कापडी पिशवीत घालून मांडीवर घेतली. सवतीला मांडीवर घेऊन जाणारी मीच. शेजारची बाई म्हणाली, "काय हाय व, अंडे का?" मी म्हटलं, "अंडे असते तं फोडले असते."

गजाननने कॅमेरा नासीरभाईच्या दुकानातून घेतला होता. मोबाइल, चार्जर, पंखे, सगळं एकाच खोलीत. पन्नाशीचा माणूस, दाढी रंगवलेली, बोलायला बरा. मी पिशवी त्याच्यासमोर ठेवली आणि झालेलं सांगितलं. त्याने शोभाला माझ्या फोनवरून पुन्हा जोडून घेतलं आणि आवाज मोठा केला.

"अम्मा, मशीन खराब नाई. मशीनले दोन दरवाजे अस्तात. एक कंपनीचा पासवर्ड, तो साऱ्या डब्यांवर एकच छापेल असते. मी गजाननले बोललो होतो, घरी गेला का बदल. बदलला का?"

फोनमधून गजाननचा आवाज आला. "राहून गेलं भाई."

"आन् दुसरा दरवाजा मोबाइलातला, त्याचा पासवर्ड तुहाच नंबर. तो तं लग्नपत्रिकेवरबी छापेल असन."

उत्तर शोभाने दिलं, पण ते गजाननला उद्देशून होतं.

मग नासीरभाईने कॅमेऱ्यातलं छोटं कार्ड काढून आपल्या यंत्रात घातलं, आत काय साठलंय ते बघायला. बघता बघता तो हसायला लागला. "अम्मा, चोर एकबी नाई. मिरच्याच मिरच्या हायत."

रुखमाबाईची लिंबू-मिरची. वारा आला की ती कॅमेऱ्यासमोर डोलायची, आणि कॅमेऱ्याला वाटायचं कोणी आलं. तो शोभाला फोनवर घंटी द्यायचा, चित्र काढायचा, कार्ड भरायचा. दिवसभर घंट्या. मुकादम ओरडायला लागला तेव्हा शोभाने घंटीच बंद करून टाकली होती. माझी नजर लागू नये म्हणून टांगलेलं लिंबू कॅमेऱ्याने महिनोन् महिने राखलं, आणि घर उघडं पडलं.

"शोभे, आयकलं का?" मी विचारलं.

"आयकलं," ती म्हणाली. मला तो दिवस फार चांगला गेला.

आता कॅमेरा कसा नीट करतात ते सांगते, कारण हा स्वस्तातला माल आता घरोघर आहे. नासीरभाईने आधी गजाननला त्याच्या मोबाइलमधून कॅमेरा काढून टाकायला लावला. मग सुईने कॅमेऱ्याच्या पोटातली बारीक कळ दाबून धरली. कॅमेरा बोलला की मी आता नवा आहे. म्हणजे आधीचं सगळं विसरला. माणसालाही अशी कळ हवी होती. मग कंपनीने पाठवलेली नवी दुरुस्ती त्यात भरून घेतली, कारण जुन्या मालात भोकं असतात आणि ती बुजवायची तर हाच मार्ग. मग म्हणाला, "आता कोनाच्या मोबाइलात जोडू? मोबाइल इथीसा पायजे."

इथे मोबाइल एकच होता. मुलीने दिलेला, काच तडकलेला, माझा.

"जोडा काकूच्याच," फोनमधून शोभा म्हणाली.

त्याने माझ्या मोबाइलवरून कॅमेऱ्याच्या पोटावरचा चौकोनी ठिपक्यांचा शिक्का वाचून घेतला. टुंग वाजलं. माझ्या तडकलेल्या काचेत नासीरभाईचं दुकान दिसायला लागलं आणि त्यात मी उभी.

"झालं. आता तुमी मालक," नासीरभाई म्हणाला. "ज्याच्या मोबाइलात पह्यले जोडला तो मालक. बाकी सारे पाव्हने. तुमी ज्याले म्हनान त्याले दिसन. नको म्हटलं का बंद."

"म्हंजे शोभा पाव्हनी?"

"हाव."

"पुन्हा सांगा जरा. तिले आयकू गेलं नसन."

त्याने पुन्हा सांगितलं. फोनमधून शोभाचं हसू ऐकू आलं. कित्येक महिन्यांनी ऐकलं ते.

पासवर्ड टाकायची वेळ आली. नासीरभाई म्हणाला, नाव नको, नंबर नको, लेकरांची जन्मतारीख नको. लांब पाहिजे, आणि भाऊकीतल्या कोणाच्या डोक्यात येणार नाही असा पाहिजे. मी त्याला पाठ फिरवून उभं राहायला लावलं आणि स्वतःच एकेक अक्षर शोधून टाकलं. तुळशीरामच्या अंगणात नवऱ्याला दिलेल्या शिव्यांपैकी एक अख्खी घातली. मध्ये आकडे टाका म्हणाला, तेही टाकले. माझ्या नवऱ्याशिवाय तो कोणाला ओळखता येणार नाही. त्याशिवाय नवीन मोबाइलवरून कोणी शिरायला लागलं तर आधी माझ्या फोनवर आकडा येतो, तो मी सांगितल्याशिवाय दार उघडत नाही. तेही लावून घेतलं. शोभा आणि गजानन, दोघांना त्यांच्या त्यांच्या नावाने फक्त बघायची परवानगी. बोलायची मी दिली नाही. कॅमेऱ्यातून मला कोणी कायले आल्या म्हणून विचारू नये.

मोबाइलमध्ये न्हाणीवर काळी पट्टीही ओढता येते, म्हणजे तेवढा भाग कॅमेरा दाखवत नाही. कशी ओढायची ते नासीरभाईने दाखवलं. पण घरी आल्यावर कॅमेरा मी दुसऱ्या कोपऱ्यात लावला, फाटकाकडे तोंड करून, न्हाणीकडे पाठ करून. पट्टीवर माझा विश्वास नाही. तोंड फिरवलेलं बरं.

तो परका कोण होता ते कळलं नाही. कंपनीच्या दारातून आला की भाऊकीच्या, तेही नाही. कॅमेरा परत लावल्यावर मी अंगणात उभी राहून त्याला वाट्टेल ते बोलले. उत्तर आलं नाही. मग नीट झाडून घेतलं.

ट्रक आला तेव्हा मी ओट्यावरच होते. खरं सांगायचं तर मला ते लोक यायला नको होते. मोबाइलमध्ये शोभाचं अंगण माझं झालं होतं, आणि आल्या आल्या ती म्हणणार, काकू, आता आमच्या मोबाइलात टाका. तिची चाबी मी एकदा दिली होती. पुन्हा द्यायची तर हात उचलत नव्हता. रुखमाबाई कुडापाशी उभी होती, तमाशा बघायला. तिने सगळ्या वस्तीत सांगून ठेवलं होतं की शोभा आली की कौसाबाईची धडगत नाही.

शोभा उतरली. उसाच्या पात्यांनी हात कापलेले, तोंड काळवंडलेलं. लेकीला तिने न्हाणीत पाठवलं, टिनाच्या वरून मान काढून कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे ते स्वतः बघून घेतलं आणि मग माझ्याकडे आली.

मी मोबाइल पुढे केला. "घे. कसं काढतात ते मले माईत नाई. नासीरभाईले विचार."

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्याच मोबाइलात राहू द्या. दिवाळीनंतर आमी तं चाललोच ना."

"आन् चाबी?"

"चाबी कायले? आत उंदीर झाले त् कॅमेरा पाह्यते का?" तिने कमरेची चाबी काढून माझ्या हातावर ठेवली. "ते चिंधी फेकली का तुमी?"

फेकली नव्हती. जुडग्यातच होती, चाबीवाचून लोंबत. शोभाने तिथल्या तिथे बांधली.

मग ती तिच्या ओसरीवर गेली आणि जुनी, वाळून काळी पडलेली लिंबू-मिरची ओढून उकिरड्यावर टाकली. रुखमाबाई म्हणाली, "अवं, राहू दे ना, नजर लागन."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शोभा मंगरूळपीरच्या बाजारातून नवीन लिंबू, नवीन मिरच्या घेऊन आली, काळ्या दोऱ्यात ओवल्या आणि माझ्या दारावर टांगल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"लोकं लय जळून राह्यले तुमच्यावर," ती म्हणाली. "तुळशीरामच्या घरचेबी कॅमेरा आनून राह्यले. तुमच्याच मोबाइलात टाकायचा म्हन्तात."

माझ्या दारावर याच्या आधी कोणी कधी लिंबू-मिरची टांगली नव्हती. माझ्याकडे असं काही नव्हतंच की ज्यावर कोणी जळावं. बघायला मी, जळायला मी, असंच आयुष्य गेलं. शोभाच्या कॅमेऱ्यावरून मी आता रोज फडकं फिरवते, सोलरच्या पाटीवरची धूळ पुसते, नाही पुसली तर तो उपाशी राहतो. त्याच्याशी बोलत मात्र नाही. तो मला अजूनही आवडत नाही. माझा गुडघा दुखतो, त्याचं काहीच दुखत नाही.

माझ्या दारावर कॅमेरा नाही. त्यामुळे लिंबू-मिरची वाऱ्याने कितीही डोलली तरी कोणाचं काही बिघडत नाही. रुखमाबाई जाता-येता तिच्याकडे बघते. बघू दे.